बाबांचा चबुतरा

आईला व्हीलचेअरसकट फुटपाथवरून रस्त्यावर उतरवणं ही एक कला आहे, आणि ती बाबा जाताना बरोबर घेऊन गेले.

तसं ते घरात बरंच काही ठेवून गेले. सुतळीच्या गुंडाळ्या, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावर आत काय आहे याची चिठ्ठी. फुटपाथ कसा उतरायचा याची चिठ्ठी मात्र कुठेच नव्हती. मी वर्षानुवर्षं खिडकीतून ते दृश्य पाहिलं होतं. बाबा खुर्ची कडेपर्यंत आणायचे, जरा थांबायचे, काहीतरी करायचे, "हं" म्हणायचे, आणि दोघं रस्त्यावर असायची. ते "काहीतरी" म्हणजे नेमकं काय, हे मी कधी नीट पाहिलं नाही. इतक्या सहज होणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

बाबांनंतर आई पहिल्यांदा बाहेर पडली त्या सकाळी मी खुर्ची सरळ पुढे ढकलली. पुढची छोटी चाकं खाली गेली, मागची मोठी वर राहिली, आणि या भूमितीतून आई अलगद घसरून फुटपाथच्या कडेवर येऊन बसली. लागलं काही नाही. मांडीवरची पिशवीसुद्धा मांडीवरच होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई बसची वाट बघत बसल्या आहेत. फक्त तिथे बस थांबत नाही, आणि बाईंची खुर्ची एकटीच रस्ता ओलांडायला निघाली होती.

"हे मला पाठमोरी करून उतरवायचे," आई म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू इतक्या आत्मविश्वासाने निघालीस, मला वाटलं नवीन पद्धत आली असेल."

तेवढ्यात मदत धावून आली. मदतीचा स्वभाव असा असतो, की तिला थांबवता येत नाही. इमारतीखालचा औषधवाला गिऱ्हाईक टाकून आला. तळमजल्यावरचे काका आले. हे पूर्वी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, त्यामुळे अपघात झाला की तो का झाला हे त्यांना ताबडतोब कळतं. आणखी दोन अनोळखी गृहस्थ आले. चौघांनी आईला खुर्चीत बसवलं, खुर्ची चारही बाजूंनी उचलली आणि पलीकडे चालू लागले.

"खाली ठेवा," आई म्हणाली.

"काकू, आता पोचवतोच की!"

"खाली ठेवा म्हणते ना! मी कपाट आहे का?"

त्यांनी ठेवली. आज्ञाधारक माणसं, जिथे होती तिथेच ठेवली, म्हणजे रस्त्याच्या बरोबर मधोमध. मग दोन्हीकडच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना पुढे जायचं की मागे यावर चर्चा झाली. काकांचं मत पुढे, औषधवाल्याचं मागे, कारण दुकान मागे होतं. आई मागे आली आणि लिफ्टने वर येऊन सरळ आपल्या खोलीत गेली.

"हे मला कधी उचलायचे नाहीत, चालवायचे," ती म्हणाली. "तुला ते जमणार नाही. तुझा दोष नाही त्यात. आता मी माझ्या हातांनी जाईन, नाहीतर जाणार नाही. तेवढा फुटपाथ नीट करून घे."

शर्टाचं बटण लावून घे, अशा स्वरात.

आता तिला पलीकडे जायचं होतं कशाला, ते सांगते. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या त्या बाजूला वाचनालय आहे. दाराला पायरी नाही, हा त्याचा मोठेपणा. आई-बाबा रोज सकाळी तिथे जात आणि एक जाडजूड रहस्यकथा मिळून वाचत. पुस्तक इतकं जुनं आणि बांधणी इतकी खिळखिळी, की ते घरी न देण्याच्या कपाटात असायचं. बाबा हळू आवाजात वाचत, आई पान उलटत असे. आणि घरी आल्यावर भांडण. बाबांचं ठाम मत होतं की खून डॉक्टरने केला. आईचा संशय माळ्यावर. जेवताना, भाजी निवडताना, दिवा मालवल्यावरसुद्धा डॉक्टर आणि माळी आमच्या घरात वावरत असत. मी ते पुस्तक कॉलेजात असतानाच वाचलं होतं. दोघांच्या मधे बसून मी महिनोन्महिने कोऱ्या चेहऱ्याने जेवले, आणि माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा संयम आहे असं मी तेव्हा समजत होते.

शेवटची काही प्रकरणं राहिली, आणि बाबा गेले.

भेटायला आलेल्या ग्रंथपालबाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "ताई, शेवट मी सांगून टाकू का? तेवढीच मनाला शांती."

"एक शब्द बोललात तर सभासदत्व रद्द करीन," आई म्हणाली.

"ते आम्ही रद्द करतो."

"मग करा. पण बोलू नका."

मला तिचं म्हणणं कळत होतं. बाबांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हे तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ती कामगिरी दोघांची होती. त्यातलं एक माणूस कमी झालं म्हणून बाहेरचा भरती करता येत नाही.

तर, फुटपाथ.

काम लहान होतं, म्हणूनच सगळ्यांकडे त्यावर सल्ला होता. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हल्ली फोनवर पुस्तकं ऐकता येतात, जायचंय कशाला? काका म्हणाले, मूळ प्रश्न खुर्चीचा नसून चढावाच्या कोनाचा आहे, आणि हाताने कोन करून दाखवला. तो प्रत्येक वेळी वेगळा होता. औषधवाला म्हणाला, "ताई, एक फळी टाका आणि मोकळ्या व्हा."

मी फळी टाकली. सुताराकडून चांगली जाड, कडेला पट्टी मारून घेतली. दुपारपर्यंत गावातल्या समस्त स्कूटरवाल्यांना आमचा फुटपाथ हा जवळचा रस्ता आहे असा शोध लागला. संध्याकाळी एक कुत्रं फळीवर येऊन झोपलं आणि त्याने स्कूटर बंद केल्या, पण खुर्चीही बंद केली. दुसऱ्या दिवशी फळीच नाही. शोधत गेले तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाला एक नवा मजला आला होता.

"ही आमची फळी आहे," मी म्हटलं.

"बेवारस पडली होती, ताई."

"बेवारस नव्हती. तिच्यावर कुत्रं होतं."

"तेच म्हणतो. माणूस कुणी नव्हतं."

तिच्यावर माझेच पडदे इस्त्री होऊन पडले होते, त्यामुळे मी फार ताणू शकले नाही. तेव्हापासून गल्लीत मला "फळीवाल्या ताई" म्हणतात. दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे मी.

फळीने भागणार नाही, फुटपाथची कड कापून उतारच करायला हवा, असं ठरवून मी नगरपालिकेत गेले. रस्ते विभागातल्या कारकुनाने जाकीट खुर्चीला घातलं होतं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसला होता, त्यामुळे मी आधी जाकिटाशी बोलले. तो म्हणाला, कडेचा दगड आमचा नाही, फुटपाथ विभागाचा. फुटपाथ विभाग म्हणाला, दगडाची वरची बाजू आमची, रस्त्याकडची उभी बाजू रस्ते विभागाची. कापायचा तर दोन्ही बाजू एकदम कापल्या जाणार. ते कोण करणार?

"दोन्ही विभागांनी मिळून करावं," मी सुचवलं.

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांचं लग्न ठरवत होते.

"लेखी द्या," जाकीट म्हणालं. म्हणजे त्याच्या शेजारचा.

लेखी देणं हा माझा प्रांत. मी घरी येऊन अर्ज लिहिला, आणि इथे मी मार खाल्ला. "फुटपाथला उतार हवा" एवढं एका ओळीत लिहून थांबायला हवं होतं. पण मी सुरुवात बाबांपासून केली. माझे वडील रोज आईला या कडेवरून कसे नेत, आता ते नाहीत, त्यांच्या मागे ही वाट मोकळी व्हावी, असं सगळं. लिहिताना एक-दोनदा थांबावं लागलं. अर्ज चांगला झाला होता. इतका चांगला, की आवक विभागातल्या बाईंनी तो वाचून डोळे पुसले आणि सरळ स्मारक विभागाकडे पाठवून दिला.

हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की लवकरच दोन गवंडी आले, त्यांनी आमच्या दारासमोर खडूने चौकोन आखला आणि विटा रचायला लागले. मी हरखून गेले. औषधवाल्याला अभिमानाने म्हटलं, "पाहिलंत? अर्ज लिहिता आला पाहिजे."

आई खिडकीत बसून पाहत होती. "अगं, हे खाली जायच्या ऐवजी वर चाललंय."

"आधी पाया भरत असतील."

"पाया जमिनीखाली असतो असं मी ऐकून आहे."

संध्याकाळपर्यंत फुटपाथच्या कडेवर, नेमका जिथून आई उतरायची तिथे, गुडघाभर उंचीचा एक सुबक चबुतरा उभा राहिला. वर पाटी बसवायला जागा सोडलेली. आधी खुर्ची उतरवता येत नव्हती, आता कडेपर्यंतही नेता येत नव्हती. काका म्हणाले, सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम, आता कुणी पडणारच नाही.

मी स्मारक विभाग गाठला. तिथल्या अधिकारी बाई इतक्या हळू आणि इतक्या मायेने बोलायच्या, की मला क्षणभर वाटलं त्या बाबांना ओळखत होत्या.

"बसा. पाणी घ्या. तुमचा अर्ज मी दोनदा वाचला. वडिलांना मुलगी असावी तर अशी."

"बाई, मला चबुतरा नको होता. उतार हवा होता."

"आमच्याकडे बाक आहे, घड्याळ आहे, कारंजं आहे आणि चबुतरा आहे. उतार नाही." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "उतार हे स्मारक होत नाही हो. माणसाची आठवण वर असते."

"मग तो पाडा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "दुःखात माणूस असं बोलतो. मंजूर झालेलं स्मारक पाडता येत नाही. जागा थोडी सरकवता येते, लांबी-रुंदी वाढवता येते. उंची फुटपाथपेक्षा खाली नेता येत नाही, एवढंच."

या मायेपुढे संतापता येईना. मी पाणी पिऊन परत आले आणि आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती आता म्हणेल, राहू दे. तिने तोंडातली बडीशेप संपवली.

"फुटपाथपेक्षा खाली नाही, असं म्हणाली?"

"हो."

"फुटपाथइतकाच चालेल?"

"चालेल बहुधा. पण त्याने काय होणार? कड तिथल्या तिथेच."

"लांब करता येतो, म्हणाली ना? मग करायला सांग लांब. तो सरकव रस्त्यावर, फुटपाथच्या उंचीला आण, आणि समोरच्या फुटपाथपर्यंत ने. मला खाली उतरवता येत नसेल तर रस्त्याला वर आणा."

इतकी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नाही, ते तिला खिडकीत बसून सुचलं होतं. अर्थात तिला पलीकडे जायचं होतं, मला फक्त अर्ज करायचा होता.

स्मारकबाईंना कल्पना फार आवडली. इतकं लांब स्मारक त्यांच्या कारकिर्दीत झालं नव्हतं. उरला रस्ते विभाग. मी पुन्हा तिथे गेले. या वेळी जाकीट माणसाच्या अंगावर होतं.

"रस्ता खोदणार का?" त्याने विचारलं.

"नाही. वरून बांधणार."

"कापणार?"

"नाही."

"मग आमची काय हरकत असणार? खोदकाम असेल तरच आमच्याकडे यायचं."

त्याने शिक्का मारला आणि डबा उघडला.

काम सुरू झालं. रस्त्याची एकेक बाजू बंद करून गवंडी आडवा पट्टा बांधू लागले, सपाट, फुटपाथच्या पातळीत, गाड्यांना चढ-उतार करता यावा म्हणून दोन्ही अंगांना निमुळता. गल्लीत दोन पक्ष पडले. काका स्मारकाच्या बाजूने होते, म्हणूनच विरोधात गेले.

"वहिनी, त्यांच्या स्मारकावरून गाड्या जाणार? ट्रक जाणार? विटंबना आहे ही!"

"जाऊ देत की," आई म्हणाली. "हळू गेल्या म्हणजे झालं."

काम संपत आलं, आणि एका सकाळी काळा चष्मा, पांढरी काठी असे एक गृहस्थ दारात उभे राहिले. मागच्या गल्लीत ते पियानो आणि पेट्या जुळवून देतात.

"चबुतरा तुमचाच ना? छान झालाय. फक्त फुटपाथ कुठे संपला ते मला कळलंच नाही. आधी कड लागायची काठीला. आज मी बराच वेळ रस्त्याच्या मधे उभा राहून रिक्षाची वाट बघत होतो."

मी खजील झाले. आई खुर्ची ढकलत दारापर्यंत आली.

"मग काय लावलं म्हणजे कळेल तुम्हाला?"

"उठावाच्या फरशा येतात. पायाला टोचतात जरा. दोन्ही टोकांना एकेक ओळ पुरे."

"आधी यांचं करून घे," आई मला म्हणाली. "मी थांबते."

महिनोन्महिने ती थांबलीच होती. मी पुन्हा स्मारकबाईंकडे गेले. टोचणाऱ्या फरशांना नियम नव्हता, पण शोभेच्या फरशांना होता. पिवळ्या रंगाच्या घेतल्या, शोभिवंत ठरल्या. पेटीवाल्यांनी स्वतः येऊन त्यांवरून चालून पाहिलं, एक फरशी उलटी बसली आहे हे दाखवून दिलं, आणि गवंड्याशी मनसोक्त भांडून समाधानाने गेले.

राहिली पाटी. ती रस्त्याच्या कडेला खांबावर लागायची होती. मी मजकुराचे बरेच खर्डे केले. त्यात "पथ" होता, "प्रकाश" होता, "पाऊलखुणा"सुद्धा होत्या. आईने सगळे वाचले आणि पेन मागितलं. तिने बाबांचं नाव ठेवलं. त्याखाली लिहिलं, "हळू जा." बाकी खोडलं.

"एवढंच?"

"रोज तेच म्हणायचे मला. मी चाकं जोरात फिरवते ना."

पाटी लागली त्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरलो आणि थबकलो. दोन्ही टोकांना चकचकीत खांब होते, आणि खांबांमधे साखळी. मंजूर स्मारकाला साखळी लागतेच, असं स्मारकबाईंनी, खास हजर राहून, हळू आवाजात सांगितलं. जनावरं चढू नयेत म्हणून.

माझा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला. "बाई, ज्या बाईसाठी हे बांधलं तिलाच तुम्ही बाहेर ठेवताय!"

औषधवाला दुकानातून बाहेर आला. इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊन आला. स्मारकबाईंचे डोळे भरून आले, पण साखळी जागची हलली नाही. तेव्हा आईने विचारलं, "नियमात साखळी असावी म्हटलंय, की लावलेली असावी?"

बाई विचारात पडल्या. "असावी, एवढंच आहे."

"आणि ती कुणी सांभाळायची?"

"जवळच्या नातेवाइकांनी सांभाळली तर... चालतं."

आईने हात पुढे केला. बाईंनी आकडे काढून दोन्ही साखळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. हल्ली आमच्या गच्चीवर त्यांच्यावर चादरी वाळत असतात. नियमाप्रमाणे त्या आहेत.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं.

"तू इथेच थांब."

काका, औषधवाला, इस्त्रीवाला, स्मारकबाई आणि मी फुटपाथवर थांबलो. आईने चाकांवर हात ठेवले. पिवळ्या फरशांवरून खुर्ची खडखडली, मग आडव्या पट्ट्यावर गेली आणि गुळगुळीत चालू लागली. एक बस आली, चढावाशी वेग कमी केला आणि थांबली. मागे एक ट्रक थांबला. आयुष्यभर बाबांनी कुणाची वाट अडवली नव्हती, रांगेतसुद्धा मागच्याला पुढे जाऊ देत. आता ते भर रस्त्यात आडवे होते आणि सगळी वाहतूक त्यांच्यापुढे उभी होती. आई जोरातच गेली. पाटी तिने वाचलीच नाही.

पलीकडे ग्रंथपालबाईंनी दार उघडं धरलं होतं. आई आत गेली. लोक पांगले. मी तिथेच औषधवाल्याच्या बाकावर बसले. तो दोनदा म्हणाला, ताई, घरी जा, मी लक्ष ठेवतो. मी गेले नाही. मला शेवट ठाऊक होता. तो वाचून ती कशी बाहेर येईल, ते ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पिशवी मांडीवर, चेहरा हरलेल्या वकिलासारखा. या वेळी चाकं सावकाश फिरत होती. पट्ट्याच्या बरोबर मधोमध आल्यावर ती थांबली. मी उठून उभी राहिले. तिने खुर्चीतून जरा वाकून खाली पाहिलं आणि काहीतरी बोलली. एका गाडीने हॉर्न वाजवला. तिने त्या गाडीकडे बोट दाखवलं, मग पाटीकडे, आणि पुन्हा खाली बघून बोलणं पूर्ण केलं. मग निवांत अलीकडे आली.

"काय झालं? मधेच का थांबलीस?"

"डॉक्टरनेच केला होता खून," ती म्हणाली. "हे बरोबर होते, तेवढं सांगून आले."

आम्ही दारापर्यंत आलो. तिने स्वतःच खुर्ची आत वळवली.

"पण पुराव्यात एक ढिलाई आहे," ती म्हणाली. "ते उद्या बोलणार आहे मी त्यांच्याशी."